पिंपळझरीचा परराष्ट्रमंत्री

९ ऑगस्ट

लिहीन लिहीन म्हणत टाळलं. आजोबा गेले तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. मग म्हटलं तेरवी झाल्यावर. मग पेन सापडेना. आज गादीखाली सापडलं, आत्यालाच. वरून म्हणाली, "घ्या परराष्ट्रमंत्री. आता तरी काई काम करा."

विशाखापट्टणमच्या हॉटेलातलं काम सोडून चार दिवसांसाठी आलो होतो. तेव्हापासून इथेच.

इथे म्हणजे पिंपळझरी गणराज्य. कोहका वस्तीच्या मागे, नाल्यावरच्या पुलियाला, म्हणजे छोट्या पुलाला, लागून. दोन खोल्या, एक कडुनिंब, एक हँडपंप. निगमवाले, म्हणजे महापालिका, म्हणतात ही पट्टी पंचायतीची, पंचायतवाले म्हणतात निगमची. आजोबा स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर म्हणाले, "कोनाचीच नाही ना? मंग आमची." नाव दिलं भंडाऱ्याकडच्या आपल्या गावाचं. ते गाव धरणात गेलं. तिथल्या शिवेचा एक दगड त्यांनी आधीच उचलून आणला होता, तो पुलियाजवळ रोवला. तीच सरहद्द.

वीज आहे. आजोबा तिला आयात म्हणत.

१४ ऑ.

उद्या शेजारच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. आजोबा दर वर्षी शाळेत जाऊन हेडमास्तरांना 'राष्ट्राच्या वतीने' शुभेच्छा देत आणि बुंदी घेऊन परत येत. मला वाटलं या वर्षी मी जावं, परराष्ट्र खातं माझंच आहे. पण त्या शाळेत मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक आत्या करते, तीच जाणार. आणि दोघं एकदम बाहेर जायचं नाही.

स्वयंपाकघराच्या दारावर आजोबांनी ऑइल पेंटने लिहिलेलं पहिलं कलम: देश रिकामा सोडायचा नाही.

आधी ते स्वतः दिवसभर खाटेवर बसायचे. आता मी बसतो. त्याच खाटेवर. मधे खड्डा पडलाय त्यांच्या बसण्याचा, कुठेही बसलो तरी घसरून त्यातच जातो.

१७ ऑ.

बुलेटवाला आला होता. बाजूला कॉलनी बांधतोय त्या बिल्डरचा माणूस. रोज येतो, पुलियावर गाडी थांबवतो, हाक मारतो, "कोई है क्या घर में?" मी म्हणतो, है. तो हसतो. "बढ़िया, बैठे रहो भैया." जातो. त्याला घाई नाही. त्याच्या भिंतीच्या विटा नाल्यापलीकडे येऊन पडल्यात. एक दिवस उत्तर आलं नाही तर संध्याकाळपर्यंत पाया.

त्या विटांवर आज मुंगूस बसलं होतं. अर्धा दिवस त्यातच गेला. जेवायचंही राहिलं.

१९ ऑ.

दुकालू आला. लहानपणापासूनचा दोस्त, रसमड्याच्या कारखान्यातून सळया घेऊन ट्रक नेतो. ३० तारखेला विशाखापट्टणम, तिथून पुढे. हेल्पर पाहिजे. "चलबे का?" मी हो म्हणून टाकलं.

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"जा ना. कोन धरलं तुले?"

"मग दिवसा कोण बसणार?"

"ते तू सांग. तू मंत्री होय."

२३ ऑ. पोळा

मुलांनी मातीचे बैल पुलियावरून गडगडवत नेले. आजपासून गल्लीतल्या बायका तिजासाठी, म्हणजे हरतालिकेच्या उपासाला, माहेरी निघतात. कुणाचा भाऊ येतो, कुणाचा बाप, गाडीवर बसवून घेऊन जातात. आत्या दगडाजवळ उभी राहून बघत होती. दुकालूची बायको गेली तेव्हा हात हलवला.

म्हटलं, तू कधी गेलीस?

"मी कुठून जाऊ? लग्न मोडलं तवापासून माहेरातच तं रायते. माहेरातल्या बाईले कोन नेईन?"

हसूनच म्हणाली. मग खूप वेळ हँडपंप हापसत बसली. बादली भरून वाहत होती.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते आणि आई बोरसीला राहतात. म्हटलं, आत्याला तिजाला घेऊन जा.

बाबा म्हणाले, "मी तिथं पाय ठेवत नसतो."

माहीत आहे. बाबांना नागरिकत्वातून काढलंय. मी लहान असताना त्यांनी निगमकडे नळाचा अर्ज केला. आईची कंबर गेली होती हँडपंपावर. आजोबा म्हणाले अर्ज केला म्हणजे आपण त्यांचे झालो, देशद्रोह. कडुनिंबाखाली मत घेतलं. दुसरं कलम: निर्णय दोन नागरिकांचा, झाडाखाली उभं राहून. आजोबांचा हात वर. आणि आत्याचा.

बाबा आम्हाला घेऊन बोरसीला गेले. नळ मिळाला. आजोबांच्या अंत्ययात्रेलाही ते पुलियावरच थांबले होते, तिथून खांदा दिला.

२४ ऑ.

बाबा आले! स्कूटर पुलियावर, एक पाय खाली, तो दगडाच्या बाहेर. डोक्यात हेल्मेट तसंच.

आत्या नवी साडी नेसून. कधी घेतली काय माहीत.

"उपास कोनासाठी धरतं वं?" बाबा.

"उपास कोन धरते? मी ठेठरी-खुरमी खायाले येऊन रायली."

इतक्या वर्षांनी हेच बोलले. ती मागे बसली, पिशवी मांडीवर. जाताना मला, "दोन दिस. दूध दुकालूले आनाले सांग."

बरं वाटलं. खरं सांगायचं तर हिशोबही होता माझा: दोन दिवस हवा खाऊन येईल, मग माझ्यासाठी काहीतरी तोड काढेल. शाळेचं काम सोडेल, नाहीतर कोणाला तरी बसवेल.

२७ ऑ.

गणपती बसले, ढोल ऐकू येतात. आत्या नाही. फोनवर, "उद्या येतो." मागे आई हसत होती.

बाहेर पडायचं नाही तर सगळं बाहेर किती जवळ दिसतं. गुपचुपवाल्याचा पाणीपुरीचा ठेला पुलियापलीकडे, मिरची भजीचा वास इथवर. दगडापर्यंत जाऊन परत आलो. ठेलेवाला म्हणाला, आओ ना भैया. म्हटलं, भूक नाही.

२९ ऑ.

"उद्या येतो."

म्हटलं आत्या, उद्या सकाळी ट्रक आहे. "हो ना रे, मले याद हाय."

बॅग भरून ठेवली. दोन शर्ट, चार्जर.

३० ऑ.

दुकालूने दगडापाशी येऊन हॉर्न दिला. तीनदा. मी अंगणात बॅग घेऊन उभा. मागून बुलेट आली, ट्रकमुळे अडकली, तो बाजूने मान काढून बघतोय. त्याने बॅग पाहिली.

"कहीं जा रहे हो?"

"नहीं."

दु. म्हणाला, "अरे आ ना बे, घर ला कोन ले जाही?" तोच तर नेणार, तुझ्या मागे उभा आहे, असं ओरडून सांगता येईना. ट्रक गेला. कपडे बॅगेतच राहू दिले.

२ सप्टें.

आत्याचा फोन, मागे गाडीचा आवाज. ती आणि आई पुरीला निघाल्यात. समुद्र पाहायला!

"तू सांगत होता ना, विशाखापट्टणमचा समुद्र असा न् तसा. म्हटलं आपणबी पाहू."

चिडलो. म्हटलं, आजोबांनंतर राष्ट्रपती आहेस तू, असं सोडून...

"नित्या, अठरा वर्साची आली मी तिथं. आता केस पांढरे झाले. तू किती दिवसापासून बसला?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. "हात मीच वर केला होता रे तुह्या बापाले काढासाठी," ती म्हणाली. "तुह्या आजोबांनी नाही सांगतलं तसं. मले वाटे तुमी सारे गेले तं..." आणि रेंज गेली. पूर्ण काय म्हणणार होती?

५ सप्टें.

तिचा फोन बंद. बुलेटवाल्याने आज हाकही मारली नाही, नुसता बघून गेला. विटांशेजारी वाळू टाकलीय.

दु. परत आलाय. म्हणाला, आज पुन्हा निघतोय, तुझ्यासाठी रसमड्यात सांज तक रुकहूं. नंतर नाही.

दुपारी दगडापलीकडे उभा राहिलो. बघावं म्हणून. काहीच झालं नाही. घराकडे पाठ करवेना, उलटा चालत पुलियाच्या टोकापर्यंत गेलो आणि धावत परत आलो.

५ सप्टें., पुन्हा

गाडीचा आवाज आला. बुलेटच वाटली. काठी घेऊन बाहेर गेलो.

बाबा. आत्ता आलेत. ऑटोने, बॅग, गुंडाळलेली गादी, आणि हेल्मेट का आणलंय देव जाणे.

"तुही सुनंदा आत्या जातानी म्हणून गेली, आता मी बसाचं. तू जा."

हसावं की रडावं कळेना. बॅग घ्यायला गेलो. त्यांनी दिली नाही. पाय दगडाच्या बाहेर.

"ठराव झाला का?"

"कसला?"

"मले परत घ्याचा. कडुनिंबाखाली, दोघांनी. असाच नाही येत मी."

"बाबा, मी एकटाच आहे इथे. ती पुरीत, फोन बंद."

"मंग दोन झाले की आवाज दे."

अगदी आजोबा. तेच नाक, तोच हट्ट.

गादी अंथरून पुलियावर बसलेत. ऊन कलायला लागलंय. चहा ठेवलाय, दोन कप, दगडावर नेऊन ठेवीन. माझी बॅग दाराशी आहे, त्यांची पलीकडे. बुलेटचा आवाज येतोय, या वेळी नक्की तीच. त्यांनी हेल्मेट घातलंय आणि उभे राहिलेत, रस्त्याच्या मधोमध.