मल्हमसाठी यमकं

४ सप्टेंबर

बोलायला शिकवणारी मुलगी चित्रं दाखवते त्याला! कबुतर, खुर्ची, केळं. "काका, हे काय आहे सांगा बरं?" अगं बाई, हा मल्हम आहे. झजलच्या, म्हणजे कवनांच्या सवाल-जवाबाच्या, बैठकीत हा डफ घेऊन बसला की समोरच्या संघातले अरक दारूचा पेला खाली ठेवायचे. लोक जाह्लेहून गाड्या करून यायचे. त्याला केळं विचारतेस?

पक्षाघाताचा झटका आल्यापासून एकच शब्द शाबूत आहे. तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्या मुलीला त्याने तो ऐकवला. मला बरं वाटलं.

५ सप्टेंबर

पाणी मागता येईना म्हणून रडला. मी पेला दिला तर भिंतीवर फेकला. धाकटा भाऊ रडताना बघवत नाही. बाकी काही लिहीत नाही.

९ सप्टेंबर

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

फरशी पुसत होते. कंबर मोडलेली, डोकं फिरलेलं. तोंडाने बडबड चालली होती. मी सिस्टरांच्या फ्रेंच शाळेतून आले की हा मला चिडवायचा, ते कवन रागारागात बाहेर पडलं — "फ्रान्सहून आली आमची राणी, वाईन मागते, पीत नाही —"

"पाणी," मागून आवाज आला.

फडकं हातातून गळलं. म्हटलं, जुनं पाठ असेल. पोपटही म्हणतो. मग उभ्या-उभ्या नवं जुळवलं: "मटण महाग, नको तो जाळ, आज शिजवली साधी —"

"डाळ."

आणि खाल्लीन! वर कांदा मागितला, बोटाने.

१२ सप्टेंबर

पाण्याला यमकांचा दुष्काळ नाही. राणी, गाणी, कहाणी, शहाणी. औषधाला एकही सापडेना. शेवटी 'गोळी' केलं, तेव्हा ओळी, झोळी, टोळी मिळाली. ओळ ठेक्यात बसली नाही तर तोंड उघडत नाही. कपाळाला आठ्या घालून डाव्या हाताने टेबलावर ठोके देतो — दुरुस्त कर! अशा अवस्थेतही मास्तरकी.

मी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्तीनंतर हे.

१४ सप्टेंबर

बैठकीत एकाचं कवन संपलं की बाकीचे साथीदार त्याची शेवटची ओळ डफावर पुन्हा पुन्हा म्हणतात. तेवढ्यात पुढच्याने यमक शोधायचं. मल्हमसाठी ती दुसऱ्यांदा म्हणावी लागायची नाही. आता चार-पाचदा म्हणते, मग शब्द येतो. मी एकटीच सगळी साथ.

शाळेत अरबी शब्द तोंडातून निघाला की सिस्टर शिक्षा म्हणून गळ्यात लाकडी पट्टी घालायच्या. मला झजल म्हणताना पाहून सिस्टर ऑगस्टीन स्वर्गात पट्टी शोधत असतील. शोधू देत.

१८ सप्टेंबर

न्हाणीघरात दोघंही पडलो. त्याला उठवायला गेले आणि मनगट मोडलं. शेजारचा एलियास येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होतो. मी 'हे मरिये' ही प्रार्थना म्हणत होते, तो आपली शिवी. एलियास म्हणाला, "बाई, नक्की कोणाला हाक मारत होतात?"

मल्हम हसला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला.

२० सप्टेंबर

फादी माँट्रियलहून आला. बापाच्या पायाशी बसून रडला. मग डोळे पुसून मुद्द्यावर आला. डोंगरात सिस्टरांचा वृद्धाश्रम आहे, नर्स आहे, पांढऱ्या चादरी आहेत. "आत्या, तुमचा हात बघा. पुढच्या वेळी मान मोडेल."

मी म्हटलं, मान माझी आहे. बापाला विचार.

२१ सप्टेंबर

विचारलं. फादीने सरळ शब्दांत विचारलं. मल्हमचे ओठ थरथरले, आवाज नाही. मग मी प्लॅस्टरच्या हातानेच डफ घेतला. "पांढरी खाट त्या डोंगरावर, मल्हमला हवं स्वतःचं —"

"घर."

मी फादीकडे असं पाहिलं, जशी काही बैठक जिंकली. तो हळूच म्हणाला, "आत्या, ओळ तुम्ही लावलीत. तिथे दुसरं काय बसणार होतं?"

"मग तू लाव तुझी!"

"मला कुठे येतं?" म्हणाला, आणि सज्ज्यात जाऊन सिगरेट ओढत बसला.

२२ सप्टेंबर

पोरगा उद्धट आहे. पण ओळ माझी होती, ठेका माझा होता. मग उत्तर कुणाचं? सकाळपासून हेच. कॉफी उतू गेली.

२४ सप्टेंबर

मल्हमचे ओठ सारखे हलतात. गुडघ्यावर बोटं वाजवतो, थांबतो, मान हलवतो, पहिल्यापासून सुरू करतो. काय रे, विचारलं तर शिवी.

२५ सप्टेंबर

फादी नमला. कामाला एक बाई ठेवतो म्हणाला. बाबा इथेच राहतील. रविवारी विमान. जिंकले! संध्याकाळी मटणाचे किब्बे केले, मल्हमला आवडतात म्हणून. त्याने ताट बाजूला सारलं.

२६ सप्टेंबर

सज्ज्यात द्राक्षाच्या वेलाखाली बसलो होतो. घड लोंबताहेत, काढायला माणूस नाही. मल्हमने खुणेने डफ मागितला. मांडीवर धरला, डाव्या हाताने ठेका दिला. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्याने स्वतः ओळ लावली. एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा —

"पिकलं द्राक्ष, झालं गोड, वेलीबाई, मला आता —"

आणि थांबला. माझ्या प्लॅस्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

इतका साधा शब्द! दिवसातून दहादा आपण म्हणतो. शेंबडं पोरही जुळवील.

मी त्याचीच ओळ म्हटली. साथ करतात तशी. पुन्हा म्हटली. पुन्हा. तो वाट पाहत राहिला.