खटक्याचा चाकू

हसनैनभाई,

मी शिरपूरला सदफआपाकडे जातोय. अम्मीला सांग, चार टाके पडलेत, पण बोटं शाबूत आहेत.

ट्रकवरचे दोर कापायला खटक्याचाच चाकू आण, उघडलेलं पातं त्यात अडकून बसतं, असं दोनदा बजावलं होतं. तू मला नुसता चमकणारा आणलास. काल जाड दोरावर जोर दिला आणि पातं माझ्याच बोटांवर मिटलं. वर तू सगळ्या हमालांसमोर म्हणालास, "याला चाकू धरताच येत नाही."

आज तुझ्या कपाटात मलमपट्टी शोधायला गेलो, तर खटक्याचा चाकू सापडला. स्वतःसाठी बरोब्बर निवडलास.

तो मी नेतोय. माझा धुऊन तुझ्या डब्याशेजारी ठेवलाय. तुला धरता येतो ना? उद्या त्यानंच दोर काप.

फैसल