मुरादचा ओटीपी

२ एप्रिल
आजपासून दुकानाचा कारभार संपूर्ण डिजिटल. एकवीसच्या महाडच्या पुरात आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या बिलबुकांचा लगदा झाला, तेव्हाच निश्चय केला होता. चार वर्षं वेळ मिळाला नाही, एवढंच. जीएसटीचं सगळं मुराद बघायचा. तो फेब्रुवारीत कुवेतला गेला, जावयाच्या ओळखीवर. पंचवीस वर्षांची भागीदारी, आणि सांगितलं कधी, तर तिकीट काढल्यावर! मीही म्हटलं, जा, तुझ्यावाचून काही अडत नाही. बरोबरच म्हटलं. स्टँडवर त्याने हात पुढे केला तेव्हा मी मोबाईल बघत होतो. महत्त्वाचं काहीतरी होतं.

५ एप्रिल
कर सल्लागार दीप्ती मॅडमनी लॉगिन शिकवलं. सोपं आहे. पासवर्ड वहीत लिहिला.

१९ एप्रिल
रिटर्न भरलं. जवळजवळ. शेवटी ओटीपी मागतात, आणि तो जातो मुरादच्या मोबाईलवर. मी त्याला विचारू? छे!

२० एप्रिल, दुपारी
शेवटची तारीख. नाइलाजाने मेसेज केला: ओटीपी. पुढेमागे एक अक्षर नाही. दोन मिनिटांत सहा आकडे आले. नुसते आकडे. रोज शटर उघडताना तो मला जय भीम म्हणायचा आणि मी त्याला सलाम. गिऱ्हाइकं हसायची. ते आठवत बसलो, तेवढ्यात दहा मिनिटं गेली आणि ओटीपी बाद. पुन्हा मागितला. लगेच दिला. म्हणजे मोबाईल हातातच धरून बसला होता. मला काय त्याचं.

१२ मे
दीप्ती मॅडम म्हणाल्या, नंबर बदलून तुमचा टाका, कटकट जाईल, पाच मिनिटांचं काम आहे. पावसाळ्याआधी पाच मिनिटं कुठून आणायची?

१८ मे
ओटीपी तीनदा मागवावा लागला. नेट स्लो. प्रियदर्शिनी म्हणते, नेट चांगलं चाललंय. बायको शाळेत शिकवते, तिला धंद्यातलं काय कळणार. तिसऱ्या वेळी आकड्यांखाली त्याने विचारलं, पाऊस? मी लिहिलं, नाही. मग आणखी चार शब्द लिहिले. पुसले.

४ जून
शिवथरचा भिकाजी पंपाची मोटार घेऊन आला. मुरादशेठ नाय का, म्हणाला. म्हटलं, मी आहे ना! तर म्हणतो, तू हायस रे धम्मपाल, पण मोटार जळलेली हाय. उचलली आणि घेऊन गेला. अशा लोकांमुळे देश मागे आहे.

१६ जून
या वेळी फोनच करायचा ठरवला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं. पहिली ओळ: चुकलं माझं. खोडली. व्यवहारात असलं चालत नाही. शेवटी ओटीपी दे, एवढंच म्हटलं. देतो म्हणाला, आणि थांबला. मीही थांबलो. मग फोन ठेवला गेला. कुणी ठेवला आठवत नाही. मीच असेन.

९ जुलै
कमाल झाली! मुरादचा मेसेज: जय भीम. तुला ओटीपी येईल, पाठव. त्याला माझी गरज पडली! आकडे पाठवले, खाली सलाम लिहिलं. त्याखाली लिहिलं, सावित्रीचं पाणी वाढतंय, तू असतास तर एव्हाना सामान माळ्यावर चढवलं असतं. एवढं लांबलचक मी कुणाला लिहीत नाही. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. ड्यूटीवर असेल. प्रियदर्शिनीला म्हटलं, बघ, शेवटी त्याचंच अडलं! भजी आणायला मी स्वतः गेलो.

१८ जुलै
रिटर्नला बसलो. वेळ वाया नको म्हणून मुरादला आधीच मेसेज टाकला: सलाम. ओटीपी पाठव. कसा आहेस? मग बटण दाबलं. टेबलावर माझाच मोबाईल वाजला.

दीप्ती मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, अहो, मुरादभाईंनी नऊ तारखेला तिकडून लॉगिन करून तुमचा नंबर टाकला ना! कसं करायचं ते मलाच विचारलं होतं. म्हणाले, तो मानी आहे, दर महिन्याला माझ्याकडे मागायला त्याला जड जातं. आणि ओटीपी तुम्हीच तर दिलात.

मीच दिला.

मुरादचं उत्तर आलं: बरा आहे. आता ओटीपी तुलाच येईल. माझ्यावाचून अडायला नको.

आकडे टाकले. रिटर्न भरलं, दोन दिवस आधीच. काही अडलं नाही. आता पुढच्या महिन्यात त्याला काय म्हणून मेसेज करू?