तड्यांची वही आणि तिची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या कै. बाइंडरांची पत्नी, देवाला स्मरून आणि चष्मा लावून हा कागद लिहिते. डोके ठिकाणावर आहे. काल डॉक्टरीणबाईंनी तारीख, वार आणि सतरा अधिक अठ्ठावीस विचारले, तिन्ही बरोबर आले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग आहे, पण वकील म्हणतात रागाने मृत्युपत्र बाद होत नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची कामाची खोली, माझ्या एकुलत्या एक लेकीला. मागच्या खोलीच्या फरशीवर रंगाचे डाग आहेत, ते घासू नयेत. घासून जात नाहीत, मी बघितले आहे.

२. बँकेतल्या पैशांतून माझे शेवटचे कार्य साधेपणाने करावे, उरेल ते लेकीचे. फुले विकत आणू नयेत. कपाटात कागदाची आहेत, अजून चांगली आहेत.

३. यजमानांचे पुठ्ठा कापायचे यंत्र चौकातल्या फ्रेमवाल्याला. शिवणाची मोठी कात्री शेजारच्या शिंप्याला द्यायची होती, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. त्याला विचारले, "सही करतोस की कात्री घेतोस?" तो म्हणाला, "मावशी, कात्र्या माझ्याकडे चार आहेत. सही करतो." तेव्हा कात्रीही फ्रेमवाल्याला.

४. आता वही. या कलमासाठीच बाकीची कलमे लिहिली.

यजमान कारखान्यातून पुठ्ठ्याचे तुकडे आणत, फेकायचे जिवावर येई. त्यांचे मी डबे, फोटोच्या चौकटी आणि शुभेच्छापत्रे करू लागले. जुन्या लाकडावरचा रंग तडकतो तसे तडे कागदावर पाडायचे. त्याचे औषध दुकानात मिळते, पण एका बाटलीत आठवड्याची भाजी येते. मी पांढऱ्या डिंकावर भागवले. खाली गडद रंग, वाळला की डिंकाचा हात, डिंक चिकट असतानाच वर फिका रंग. वरचा रंग वाळताना ओढला जातो आणि तडकतो. वाचायला सोपे आहे. मला नीट जमायला नऊ वर्षे लागली, आणि जे जे बिघडले ते ते मी वहीत लिहिले. कागद गुंडाळला, तर मागच्या बाजूलाही एक हात द्यावा. तडे फार मोठे आले, तर डिंक जाड झाला. वरच्या रंगावरून ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की तडे बुजतात, मोह आवरावा. हेअर ड्रायर जवळ धरल्यास फोड येतात. शेवटचे वॉर्निश पाण्याचे नको, डिंक पुन्हा सुटतो. अशी एकशे बारा पाने.

माझी धाकटी बहीण वीस वर्षे दुपारी येत असे. कापणे आणि सजवणे तिचे, डिंक आणि वरचा रंग माझा. डिंक लावला की मी माळ घेऊन बसे. एक फेरा संपला की डिंक बरोबर चिकट झालेला असे, घड्याळाकडे बघावे लागत नसे आणि देवाचेही काम होई. धाकटी म्हणे, "ताईची माळ सुरू, माझी सुट्टी सुरू," आणि फोन घेऊन गच्चीवर जाई. खाली यायची तेव्हा तडे पडलेले असत. म्हणून वहीत मी इतकेच लिहिले होते: डिंकानंतर एक माळ.

तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "ताई, तुझी वही फाटत चाललीय. आठ दिवस दे, छान अक्षरात उतरवून देते." मी दिली. जुनीच वही नवे कव्हर घालून परत आली, उतरवलेली मागाहून देते म्हणाली. मला भरून आले. ते कव्हर मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

पुढच्या वर्षी लेकीने स्टेशनरीच्या दुकानातून एक छापील पुस्तिका आणली. वर धाकटीचा फोटो, खाली तिच्या क्लासचा पत्ता, आत पहिल्याच पानावर 'माझ्या स्वतःच्या प्रयोगांतून'. मी शांतपणे वाचत गेले. मोह आवरावा, हेसुद्धा होते. सव्विसाव्या पानावर होते: डिंक लावल्यानंतर एकशे आठ अंक मोजावेत.

जिला देव फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवायचा, तिने शंभर का नाही लिहिले? तिथे मी पुस्तिका मिटली.

भांडले नाही. फोन केला, म्हटले, "पुस्तिका बघितली." ती म्हणाली, "अगं ताई, तुला कुठे क्लास घ्यायचे होते?" घ्यायचे नव्हते, हे खरे. विचारले असते तर दिलीही असती. तिला हे ठाऊक होते, आणि तरी तिने विचारले नाही. ते मला गिळवत नाही.

५. माझ्या हातूनही एक गोष्ट घडली, ती लपवून देवापुढे जायचे नाही. गेल्या हिवाळ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, क्लासमधल्या बायकांचे तडेच पडत नाहीत गं. वरचा रंग डिंकात कालवतो, नुसता घसरतो. हवा बदलली का?" मला कारण तत्क्षणी कळले. एकशे आठ अंक दोन मिनिटांत संपतात. माझी माळ बारा मिनिटांची, एका नावाला एक श्वास. मी म्हणाले, "ब्रश बदलून बघ." तिने सगळ्या बायकांना नवे ब्रश घ्यायला लावले, असे मागून कळले. त्या रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

६. म्हणून मूळ वही वाचनालयाला. कोणीही यावे, उतरवून घ्यावे. 'एक माळ' या शब्दांपुढे मी आज शाईने 'म्हणजे बारा मिनिटे, दमट हवेत वीस' असे लिहिले आहे. धाकटीने घातलेले कव्हर काढून ठेवले आहे, ते वहीबरोबर जाऊ नये.

७. धाकटीला माझी जपमाळ. हे क्षमा केली म्हणून नाही. क्षमेचा प्रयत्न चालू आहे, जमल्यास तिला तोंडी सांगेन, न जमल्यास नाही. पण तिच्या क्लासमधल्या बायकांनी माझे काही घेतलेले नाही, आणि त्यांचे डबे फुकट जातात. माळ लेकीने स्वतः नेऊन द्यावी, चहाला थांबू नये, आणि दारातच एवढे सांगावे: मावशी, आई म्हणाली, मोजायची नाही, म्हणायची.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, कबूल केला. खाडाखोड एकच, कलम सातमध्ये, 'बहिणीला' खोडून 'धाकटीला' केले आहे.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार दुसरा: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: मागची खोली, कामाचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळची माळ झाल्यावर
लिहून ठेवणार: बाइंडरांची पत्नी (सही)