चेअरमनसाहेबांसाठी एक मोकळा दिवस

१ जून २००३, रविवार
आजच्या ‘दिनविशेष’मध्ये दोनच घटना घातल्या. १९३० – दख्खनची राणी पहिल्यांदा धावली. १९४८ – पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली. ‘जन्म’ या मथळ्याखाली खरं तर अर्ध्या जिल्ह्याची नावं छापायला हवीत. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी लिहिला एक जून. आमच्या ऑफिसात शिपाई, मशिनवाला, जाहिरातवाला आणि मी, सगळे आज जन्मलो. एकमेकांना हॅपी बर्थडे म्हणून एकाच पुड्यातले पेढे खाल्ले.

कारखान्याच्या चेअरमनचाही आजच. पहिल्या पानावर त्याचा भला मोठा फोटो. दुपारी वळवानं मांडव उडवला. शाळांना सुट्टी, गाळप हंगाम संपलेला, टाळ्या वाजवायला सुद्धा माणूस नाही. ‘अलोट गर्दी’ अशी बातमी मीच लिहिली. थू आपल्या लेखणीवर.

१२ जून, गुरुवार
चेअरमनचा पीए चौगुले ऑफिसात आला. खुर्ची ओढून माझ्याच टेबलावर कोपर टेकून बसला. तोंडात मावा.

“काका, साहेबांस्नी एक जून नको झालाय. ड्रायव्हरचा बी एक जून, वॉचमनचा बी एक जून. साहेबांनी किती जणांत वाटून घ्यायचा?”

मग खरी तारीख कोणती, असं विचारलं. तर म्हणे, आई जिवंत होती तेव्हा ‘थंडी होती’ एवढंच सांगायची.

“मग थंडीतली बघा की एखादी. मोकळी. तुमच्याकडं वर्सभराच्या तारखा हाईत न्हवं? पाऊस नको, शाळा चालू पायजेत, कारखाना चालू पायजे. आन् दुसऱ्या कुठल्या मोठ्या माणसाची जयंती नको.”

मी म्हटलं, माझं तारखांचं दुकान नाही. तो हसला. मावा थुंकायला खिडकीशी गेला आणि माझ्या कुंडीत थुंकला.

नंतर संपादकांनी आत बोलावलं. “बघून द्या हो. डिसेंबर-जानेवारीत एकसष्टी करायचं चाललंय. आपल्याला पुरवणी मिळेल.” लग्नाला हॉल बघावा तसा जन्माला दिवस बघायचा! वीस वर्षं हे सदर लिहितोय. एक साल चुकलं तर दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती छापली. आता हे.

२० जून, शुक्रवार
भीती होती तेच झालं. चौगुले आमच्या मंजूच्या शाळेत जाऊन आला. शाळा चेअरमनचीच. मंजू चौथं वर्ष तिथं तात्पुरती म्हणून शिकवते. कायमची ऑर्डर चेअरमनच्या सहीवर अडकलीय. मुलीसाठी स्थळ येतं ते चहाचा कप तोंडाला लावायच्या आत विचारतं, कायम आहे का?

चौगुले तिला म्हणाला, “तुमचं वडील म्हंजे आपलंच की. त्यास्नी जरा सांगा.”

मंजूनं मला सांगितलं आणि मान खाली घालून वह्या तपासत बसली. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर ओरडता तरी आलं असतं.

३ जुलै, गुरुवार
चौगुलेला फिरवायचं ठरवलंय. त्याला मुद्दाम भलत्याच तारखा सांगतो.

२६ जानेवारी? “छे! झेंडावंदन करून पोरं घरला पळत्यात.”

२ ऑक्टोबर? “काका, चेष्टा करतासा व्हय? त्या दिवशी दुकानं बंद असत्यात. कार्यकर्त्यांनी काय ताक प्यायचं?”

१४ नोव्हेंबर? “न्हाई न्हाई. पोरं दुसऱ्याच्याच नावानं नाचत्यात.”

हसू आलं. मग आपण हसलो याचीच शिसारी आली.

१९ जुलै, शनिवार
संपादकांचा नवा हुकूम. ‘दिनविशेष’मधून ‘मृत्यू’ काढून टाका. “सकाळी सकाळी चहाबरोबर मेलेली माणसं कोण वाचणार?” मोकळ्या जागेत साबणाची जाहिरात. म्हणजे यापुढे आमच्या पेपरात माणसं नुसती जन्मणार. मरायची सोय नाही. असले चेअरमन अमर झाले तर नवल नको.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “तुमास्नी कशाचा बी राग येतोय. जेवा.”

११ ऑगस्ट, सोमवार
पंधरवडा झाला, चौगुले फिरकला नाही. संपादकही विषय काढत नाहीत. कंटाळला असेल. नाहीतर दुसरा कुणी तारीखवाला गाठला असेल. काही का असेना, कुंडीतला मोगरा वाचला.

१४ सप्टेंबर, रविवार
वाचला नाही. काहीच वाचलं नाही.

सौ. भाजीला गेली होती. मंजू समोर येऊन बसली. म्हणाली, “बाबा, चौगुलेंना मी तारीख दिली. तुम्ही आता त्या भानगडीत पडू नका.”

“कुठली?”

“सतरा डिसेंबर.”

मला आधी कळलंच नाही. मी सवयीनं म्हटलं, १९०३, पहिलं विमान उडालं.

“तेच सांगितलं त्यांना. एकदम खूश झाले. यंदा विमानाला शंभर वर्षं होतात म्हटल्यावर तर नाचायचेच बाकी होते. त्या दिवशी आपल्याकडं कुणाची मोठी जयंतीही नाही.”

“मंजू, तो तुझा वाढदिवस.”

“म्हणून तर दिला. दुसऱ्या कुणाचा कसा देणार? तो तेवढा माझा होता.”

रडली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला.

लहान असताना दर सतरा डिसेंबरला मी तिला ती गोष्ट सांगायचो. पहिलं विमान कसं बारा सेकंद उडालं आणि वाळूत उतरलं. ती दोन्ही हात पसरून अंगणभर पळायची आणि तोंडानं आवाज काढायची. मी बारापर्यंत मोजायचो. बारा झाले की धपकन बसायची. पोरीला मी दुसरं दिलंय तरी काय? सोनं नाही, नाणं नाही. एक दिवस दिला होता सजवून. तोही त्या माणसाच्या घशात गेला.

सौ.ला सांगायचं धाडस झालं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
रंकाळ्यावर फिरायला गेलतो. कडेनं डिजिटल बोर्ड लागलेत. चेअरमन विमानात. खिडकीत नाही, पुढं, पायलटच्या जागी, गॉगल घालून. खाली ‘भरारी! विमानाची शंभरी, साहेबांची एकसष्टी’. त्याच्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं, आंब्याच्या पेटीत भरल्यासारखे. त्यात मंजूचे हेडमास्तर. दात काढून.

परत फिरलो. घाटाच्या पायरीवर बोर्डाकडं पाठ करून बसलो, तर एकानं विचारलं, “पावणं, बरं न्हाई वाटत व्हय?”

२३ नोव्हेंबर, रविवार
निमंत्रणपत्रिका घरी आली. दार सौ.नं उघडलं. पत्रिकेवर तारीख वाचली, परत वाचली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं असावं. सगळं सांगून टाकलं. मंजू घरातच होती.

सौ.चं डोकं फिरलं. शेजारचे गॅलरीत आले इतका आवाज.

“पोरीचा दिवस इकला व्हय दोघांनी मिळून? मला इचारलं? नेसरीला म्हायेरी, आमच्या अव्वाच्या घरात दोन दिस तळमळत हुते मी. सुईण म्हणाली, दोघीतली एक ऱ्हाईल. कळा मी सोसल्यात. त्या चेअरमनच्या आईनं न्हाई!”

मंजू म्हणाली, “आई, कागदावर माझी तारीख तीच राहणार आहे.”

“कागद घाल चुलीत.”

वीस वर्षं ‘जन्म’ ‘जन्म’ लिहितोय. प्रत्येक जन्मामागं एक बाई ओरडली असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. साल आणि नाव नीट लिहिलं की मी मोकळा.

सौ. आम्हा दोघांशी बोलत नाही. ताट वाढते आणि गॅलरीत जाऊन बसते.

९ डिसेंबर, मंगळवार
मंजूला मुलांचं विमान बसवायचं काम दिलंय. म्हणजे मैदानावर पाचवी ते सातवीची मुलं अशी उभी करायची की स्टेजवरून विमान दिसावं. पंख सातवीचे, शेपूट पाचवीची. रोज उन्हात सराव. आज शेपटीतलं एक पोरगं चक्कर येऊन पडलं. हेडमास्तर म्हणाले, “दुसरं घाला तिथं.”

आणखी एक. त्यांच्या स्टाफरूममध्ये महिन्याचे वाढदिवस फळ्यावर लिहितात. मंजूचं नाव होतं. हेडमास्तरांनी स्वतः डस्टर घेऊन पुसलं. “यंदा ऱ्हाऊ दे बाई. साहेबांस्नी वाटायचं, बरोबरी करतीया.”

मंजूनं हे हसत सांगितलं. आणि म्हणाली, “आता कुणी विचारलं तर मी एक जून सांगणार. सगळ्यांबरोबर.”

ऑर्डरचं काय, विचारलं. “कार्यक्रम झाला की सही, म्हणालेत.” म्हणजे दिवस आधी घेतला, सही नंतर. आणि शिक्षणसंस्था म्हणवतात.

१६ डिसेंबर, मंगळवार
उद्याचं सदर दिलं. १९०३ – पहिल्या विमानाचं उड्डाण. आणखी दोन घटना. ‘जन्म’ हा मथळाच घातला नाही.

संपादकांनी हाक मारली. “एक ओळ राहिली.”

मी म्हटलं, राहिली नाही. मला माहीत असलेला त्या दिवशीचा एकच जन्म आहे, आणि तो तुम्ही छापणार नाही.

त्यांना काही कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. “घरी जा आज लवकर,” एवढंच म्हणाले. फार प्रेमानं. त्या प्रेमाचीच जास्त किळस आली.

घरी मंजू पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. एकसष्ट दिव्यांनी ओवाळायला शाळेच्या बाई निवडल्यात. तीही त्यात. मी म्हटलं, जाऊ नको. म्हणाली, “आता एवढ्यासाठी नको म्हणू, बाबा? सगळं दिल्यावर?”

१७ डिसेंबर २००३, बुधवार
पेपर आला. विमानाच्या खाली, जाड टाइपात: ‘१९४२ – सहकारमहर्षी, शिक्षणप्रेमी चेअरमनसाहेब यांचा जन्म’. आणि सदराच्या शेवटी नेहमीसारखं ‘संकलन’, पुढं माझं नाव. तेवढं मात्र विसरले नाहीत.

हात धुऊन आलो. उगाचच. पेपरला हात लागला म्हणून.

मंजू पहाटेच गेली, मैदानावर मुलं उभी करायला. सौ. तिच्यासाठी शिरा करून ठेवायला लवकर उठली होती, तोवर पोरगी बाहेर पडलेली. उपाशी. ओवाळायचं राहिलं. इतक्या वर्षांत एकदाही राहिलं नव्हतं. कावीळ झाली होती त्या वर्षी सुद्धा अंथरुणावर बसवून ओवाळलं होतं.

सौ.नं कढई खाली उतरवली. मग तिनं न्हाणं आवरलं. ठेवणीतलं इरकल काढलं. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता घेतल्या. डब्यात शिरा भरला. सगळं नव्या पंच्यात बांधलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी धड बोलली.

“ती ओवाळणार न्हवं तिथं त्याला?”

हो, म्हटलं.

“झालं तर. त्याचं झालं की मी तिला ओवाळणार. तिथंच, स्टेजवर. पाटाबिटाचं काय न्हाई. हुबी ऱ्हाऊन.”

“अगं, ऑर्डरवर अजून सही झालेली नाही.”

“मला ठावं हाय.”

“तुला स्टेजवर सोडणार नाहीत.”

“आईला कोण अडवतंय बघू की.”

मंजूचं काय होईल, चार वर्षं वाया जातील, स्थळं परत फिरतील, सगळं बोललो. तिनं ऐकलं. ती मूर्ख नाही, सगळं तिला कळतं. पदर खोचला, चपला घातल्या. चेहरा शांत. भांडणाचा नाही, देवळाला निघाल्यासारखा.

मंजूला फोन करून सांगावं, तर ती मैदानावर. हेडमास्तरांना फोन लावावा, हिला गेटवरच अडवा म्हणावं, असं एकदा मनात आलं. रिसीव्हर उचलला सुद्धा. मग स्वतःचीच किळस आली, आणि खाली ठेवला.

सौ. दारात उभी आहे, हातात कुलूप. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय.

“लिवत काय बसलाईसा? येतासा का न्हाई तेवढं बोला. निरांजन लावताना वारं लागंल, हात आडवा धराय कोण तरी पायजे.”