नुहाचा पंजा

१२ जानेवारी
पोचलो एकदाचे कोम ओम्बोला! बायको एनायात धुळीवर वैतागली आहे, पण आमची सात वर्षांची लेक नुहा अंगणभर नाचते आहे. साखर कारखान्याने जुन्या शेडचे संग्रहालय केले आहे. त्यातले एकुलते एक इंजिन नीटनेटके करायचे काम माझे. उसाचे डबे ओढणारे, बुटके, बैलासारखे आडमुठे दिसणारे. बॉयलर फुटका, चाकांखाली लाकडी ठोकळे. आमचे घर शेडला लागूनच. इंजिनाचे जुने चालक बशंदीकाका उन्हात फुगवून भाजलेली गरम शम्सी भाकरी घेऊन आले. मी अलेक्झांड्रियाचा, म्हणून म्हणाले, "मासेखाऊ, ही होडी नव्हे हं! जपून हात लाव." माणूस झकास आहे.

१५ जानेवारी
इंजिनाच्या तोंडावर हाताच्या पंजांच्या तपकिरी ठशांचे थरच्या थर. ऊसतोडीच्या सुरुवातीला मेंढा कापायचा, रक्तात हात बुडवून पंजा उठवायचा, ही इथली रीत. नवी मोटार घेतली की आमच्याकडेही करतात. पण संग्रहालयात रक्त कशाला? सगळे खरवडले, हिरवा रंग दिला आणि गंमत म्हणून नुहाचा हात लाल रंगात बुडवून पंजा उठवला. फार गोड दिसतो.

१६ जानेवारी
काकांनी पंजा पाहिला आणि मला शिव्याच घातल्या. आधी रक्त, मग हात, असा क्रम असतो म्हणे. "कोरा हात दाखवलास, गाढवा! आता ते इंजिन त्याच हाताचं रक्त काढणार." मी हसलो. तरी त्यांच्या समाधानासाठी पुसायला गेलो. रॉकेलनेही निघेना.

१७ जानेवारी, संध्याकाळ
दुपारी काका मेंढा घेऊन आले. सुरी फिरवली, रक्ताळलेला हात पंजावर टेकवला — आणि इंजिन सरकले. आग नाही, पाणी नाही. ठोकळे चिरडत आले, काकांना भिंतीशी दाबले. बरगड्या मोडताना मी ऐकल्या. मागे गेले, पुन्हा आले. तीनदा. पोलीस म्हणतात, ठोकळे कुजके होते.
पंजा तसाच आहे. एवढासा. नुहाचा.
उद्या दुपारच्या बसने दोघींना इथून काढतो. त्याआधी बस नाही.

१८ जानेवारी, सकाळ
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर —
पहाटे नुहाचा तळवा आपोआप चिरला. जखम वाढते आहे. राहवेना. मीच गेलो, उजवा हात चाकाखाली ठेवला. म्हणालो, माझा घे, तिला सोड. घेतला. मनगटापर्यंत. एनायातने पट्टा आवळून बांधला.

दहा वाजता
पंजा तिचाच. माझे उडालेले रक्त त्यावरून ओघळून गेले. नुसते ओघळून —

साडेदहा
घराची भिंत हादरते आहे. या बाजूला रूळ नाहीत. रूळच नाहीत इकडे —
एनायात किंचाळते आहे. नुहाने कडी काढली — मी सांगतोय थांब — ती म्हणते, बाबा, ते फक्त हात मागतंय, मी दे —