व्हिएन्ना ते सारायेव्हो, सव्वा तास

९ डिसेंबर

रुस्मिरचा फोन. शनिवारी येतोय! "बसनं येतो, आई. शुक्रवारी रात्री बसलो की सकाळी तुझ्या दारात." मी उडवूनच लावलं. रात्रभर कंबर मोडून घ्यायची हौस कुणी सांगितली? पाचशे किलोमीटर ते काय, विमानानं सव्वा तास! "अगं, पण या दिवसांत धुकं —" म्हटलं, ये मुकाट्यानं विमानानं.

झियाद ऐकत होता. "कोण येतंय?" — "तुझा मुलगा." — "रुस्मिर?" नाव आपणहून घेतलं! कित्येक दिवसांनी. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतच जाणार. बाप मुलाला ओळखतोय तोवर भेट व्हावी, एवढंच मागणं आहे माझं.

११ डिसेंबर

वरच्या मजल्यावरची हस्निया जिन्यात भेटली. "आमचा भाचा मेलबर्नहून दर उन्हाळ्यात येतो, महिनाभर राहतो. तुझा व्हिएन्नाहून चार वर्षांत फिरकला नाही!" जिभेला हाड नाही बाईच्या. पण खोटं काय बोलली? मेलबर्न लांब, म्हणून तो वर्षभर आधी तिकीट काढून ठेवतो. आमचं आपलं — सव्वा तास तर! ईदला जमलं नाही? मग उन्हाळ्यात. मीच म्हणायचे, ये रे सवडीनं, आम्ही कुठे पळून चाललोय!

झियाद चाललाच होता, रोज थोडा थोडा. मला कळायला हवं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळ इतकी छान! झियादनं स्वतः दाढी केली. नवा शर्ट मागून घेतला. "मुने, रुस्मिरला पनीरची पिटा लागते. करतेयस ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

माझी जुनी सवय — त्यानं तिकडून 'विमानात बसलो' म्हणून कळवलं की इकडे पिटाच्या पापुद्र्यांसाठी पीठ टेबलभर पातळ ओढायला घ्यायचं. विमान उतरतं, तोवर पिटा ओव्हनबाहेर. आजही तसंच. पिटा तांबूस झाली आणि डोक्यावर आवाज आला. धुक्यानं खिडकीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. "आला!" झियाद काचेला नाक लावून उभा. विमानानं घिरट्या घातल्या. मग आवाज लांब गेला. गेला तो गेलाच.

पुन्हा रुस्मिरचा फोन, व्हिएन्नाहूनच! उतरता येईना म्हणून विमान परत नेलं. "वर लख्ख ऊन होतं गं, आई. त्रेबेविच डोंगराचा माथा दिसत होता. खाली नुसता कापूस."

माझ्याच हट्टापायी. बसनं निघाला असता तर सकाळीच पोचला असता — बापानं नाव घेऊन हाक मारली असती.

झियाद अंधार पडेपर्यंत खिडकीशी. शर्ट काढू देईना. पिटाला कुणी हात लावला नाही.

१४ डिसेंबर

धुकं तसंच. रुस्मिर रात्रीच्या बसनं निघतोय. या खेपेला मी अडवलं नाही.  झियादच्या अंगात तोच शर्ट.

१५ डिसेंबर

सकाळी रुस्मिर दारात. झियादनं अदबीनं हात मिळवला, खुर्ची दिली. मला म्हणाला, "पाहुण्यांना कॉफी टाक." मग त्याच्याकडे वळून, "कुठून आलात?"

"व्हिएन्नाहून."

"अरे वा! माझा मुलगा असतो तिथं. रुस्मिर. भेटला तर सांगाल का, बाप वाट बघतोय? सव्वा तासाचं तर अंतर आहे."

रुस्मिरनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगतो, काका."